बारा मार्चचा नारळ

हे लिहायचा अधिकार मला आहे की नाही, याची खात्री नाही, म्हणून आधीच माफी मागतो. ज्यांच्याबद्दल लिहितोय ती माणसं मराठी वाचत नाहीत. ज्या बेटाबद्दल लिहितोय ते मी पाहिलेलं नाही. आणि या विषयावर माझ्यापेक्षा पुष्कळ शिकलेल्यांनी जाड जाड पुस्तकं लिहिली आहेत, त्यातली निम्मी मला नीट कळलीही नाहीत. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. आमच्याकडे लिहिणं म्हणजे लग्नपत्रिकांवर पाहुण्यांची नावं घालणं, तेही माझ्याकडेच यायचं, अक्षर बरं म्हणून. तेव्हा भाषा कुठे अडखळली तर सांभाळून घ्या. राग मात्र सांभाळून घ्या असं म्हणणार नाही. तो चुकून आलेला नाही.

दोन हजार सहाच्या सप्टेंबरात मी सरकारी शिष्यवृत्तीवर इतिहासाचं एम.ए. करायला इंग्लंडला आलो. विद्यापीठ दक्षिणेच्या किनाऱ्याजवळ होतं, पण तिथलं भाडं परवडेना म्हणून क्रॉलीत खोली घेतली. क्रॉली हे विमानतळाच्या कुशीतलं गाव. तिथे राहणारा जवळजवळ प्रत्येक माणूस विमानतळाचं काहीतरी काम करतो आणि क्वचितच विमानात बसतो. माझे घरमालक मॉरिशसचे मराठी होते. त्यांचे पणजोबा रत्नागिरीकडून ऊस तोडायला मॉरिशसला गेले आणि परत आलेच नाहीत. विमानात सामान चढवण्याच्या कामातून ते नुकतेच निवृत्त झाले होते. मी त्यांना काका म्हणायचो आणि त्यांच्या बायकोला काकू.

काकांची मराठी ऐकून पहिल्या दिवशी मला गहिवरून आलं, आणि दुसऱ्या दिवशी हसू. "पोरा, आमी मराठी हाय, पण आमची जीभ क्रिओल हाय," ते म्हणाले. ते खरंच होतं. घरात दोघं क्रिओल, म्हणजे मॉरिशसची फ्रेंचमधून घडलेली बोली, बोलायचे, देवापुढे मराठी म्हणायचे आणि वीज कंपनीशी फोनवर इंग्रजीत भांडायचे. फ्रिजवर मॉरिशसचा चार रंगी झेंडा चुंबकाने लावलेला होता आणि त्याच्या शेजारी गणपती.

काकू विमानतळालगतच्या एका हॉटेलात चादरी-टॉवेलांच्या विभागात काम करायच्या. शनिवार-रविवारची शिफ्ट त्यांनी मला मिळवून दिली. तिथेच मला मावशी भेटल्या.

मावशी हे नाव मी दिलेलं. त्या काकूंच्याच वयाच्या, पंचावन्नच्या आसपास, काळ्या, उंच, खांद्यांनी रुंद. मी विचारलं, तुम्हाला काय म्हणू? काकूंनी क्रिओलमध्ये समजावलं की आमच्यात आईच्या बहिणीला मावशी म्हणतात. त्या म्हणाल्या, "मग याच्या आईला विचारलं का, बहीण चालेल का म्हणून?" आणि स्वतःच मोठ्याने हसल्या. त्यांचं इंग्रजी तुटक होतं, माझं क्रिओल शून्य, म्हणून आमच्या मध्ये नेहमी काकू असायच्या. चादरीची दोन टोकं मावशींच्या हातात, दोन माझ्या, आणि काकू इस्त्रीच्या मशीनपाशी उभ्या राहून आमचं बोलणं इकडून तिकडे पोचवत.

हॉटेलच्या वरच्या मजल्यावरच्या खिडकीतून टर्मिनल दिसायचं. मावशींनी एकदा बोट दाखवून सांगितलं, "ते माझं इंग्लंडमधलं पहिलं घर." त्यांच्यासारख्या काही लोकांना ब्रिटिश पासपोर्ट मिळाला, ते विमानात बसून आले आणि पुढे कुठे जायचं हे कुणीच सांगितलं नाही म्हणून विमानतळाच्या बाकांवरच राहिले. मी विचारलं, "भाडं किती होतं?"

"भाडं नव्हतं. पण घरमालक रोज सकाळी झाडू घेऊन यायचा आणि पाय उचलायला सांगायचा."

मला वाटायचं मावशीही मॉरिशसच्याच. काकांनीच एकदा जेवताना ते दुरुस्त केलं. "ती मॉरिशसची नाय. ती इल्वा." इल्वा म्हणजे बेटावरचा माणूस. पण काका ज्या सुरात म्हणाले तो सूर मला ओळखीचा होता. आमच्या तालुक्याच्या गावात आम्हाला 'धरणातले' म्हणायचे, तेव्हा अगदी हाच सूर असायचा.

त्यांचं बेट मॉरिशसपासून समुद्रात कित्येक दिवसांच्या अंतरावर. तशा बेटांचा तो एक समूह, आणि सगळीकडे नारळच नारळ. खोबरं काढून त्याचं तेल पाठवायचं, बदल्यात बोटीने तांदूळ, पीठ, साखर यायची. पिढ्यान्‌पिढ्या माणसं तिथे जन्मली, तिथेच पुरली गेली. मॉरिशस आणि ही बेटं एकाच इंग्रजी वसाहतीत होती. मग मॉरिशसला स्वातंत्र्य द्यायची वेळ आली. तो काळ अमेरिका आणि रशियाच्या चढाओढीचा. अमेरिकेला हिंदी महासागराच्या मधोमध लष्करी तळ हवा होता आणि आजूबाजूला माणसं नको होती. तेव्हा इंग्रजांनी मॉरिशसच्या पुढाऱ्यांना लंडनला बोलावून घेतलं आणि स्वातंत्र्याच्या आधीच ती बेटं कापून स्वतःकडे ठेवली. मोठा तळ एका बेटावर झाला. बाकीची बेटं नुसतीच रिकामी करून घेतली. मावशींचं बेट या बाकीच्यांतलं. तिथे ना धावपट्टी, ना शिपाई. नुसती रिकामी.

हे सगळं मला मावशींनी सांगितलं नाही. त्या एवढंच सांगायच्या की बोट यायची कमी झाली, मग औषधं संपली, मग पीठ संपलं, आणि मग एक बोट आली ती माणसं न्यायला. मॉरिशसच्या बंदरात उतरवलं आणि त्यापुढे काहीच नाही. बाकीचं मी ग्रंथालयात वाचलं. वाचताना एक गोष्ट सारखी डोक्यात जायची. साम्राज्य संपलं म्हणून जगभर ज्या वर्षांत फटाके वाजत होते, त्याच वर्षांत हे चाललं होतं, आणि करणारी माणसं तीच होती. एका हाताने झेंडा उतरवत होती, दुसऱ्या हाताने माणसं उचलत होती.

मावशींची आई अजून मॉरिशसमध्ये होती, ऐंशीच्या पुढे. दर रविवारी जेवणाच्या सुट्टीत मावशी फोन कार्ड काढून आईला फोन करायच्या. म्हातारीला कमी ऐकू यायचं म्हणून मावशी ओरडून बोलायच्या आणि म्हातारीही तिकडून ओरडायची, त्यामुळे सगळ्या विभागाला दोन्ही बाजू ऐकू यायच्या. म्हातारीचा प्रश्न ठरलेला असायचा. मला क्रिओलची जी पहिली ओळ कळायला लागली ती हीच: बोट कधी?

तिचा नवरा, म्हणजे मावशींचे वडील, बेटावर पुरलेले होते. तिने साऱ्या घराला सांगून ठेवलं होतं की मला मॉरिशसच्या मातीत घालायचं नाही. मेले तर थांबा, पण तिकडेच न्या. काकूंनी एकदा सहज सांगितलं की आमच्यात जाळतात, माझ्या सासऱ्यांची राख आम्ही मॉरिशसच्या समुद्रात सोडली. मावशींनी ते आईला फोनवर सांगितलं. पलीकडून असा काही आरडाओरडा झाला की मावशींनी फोन कानापासून लांब धरला. "आई म्हणते, माणसाला जाळून मासे खाऊ घालता? तुमच्या देवाला काही वाटत नाही?" काकू म्हणाल्या, "सांग तिला, मासे तक्रार करत नाहीत."

म्हणजे मावशींची सगळी आशा एका गोष्टीवर होती. बेटावरच्या लोकांनी इंग्लंडच्या कोर्टात दावा लावला होता. आधी एकदा ते जिंकले होते. मग सरकारने राणीच्या नावाने हुकूम काढून तो निकाल पुसून टाकला, पार्लमेंटमध्ये चर्चासुद्धा न करता. हे ऐकलं तेव्हा मी चादर हातातून खाली ठेवली. कोर्टात हरलेला माणूस हुकूम काढून जिंकतो, हे मी आमच्या गावच्या पुढाऱ्यांबाबत ऐकलं होतं. लोकशाहीचं माहेरघर म्हणून ज्या देशाचं नाव मी निबंधात लिहिलं होतं, तिथे हे ऐकेन असं वाटलं नव्हतं. मी आलो त्याच वर्षी लोक पुन्हा जिंकले होते आणि सरकार पुन्हा वरच्या कोर्टात गेलं होतं. त्याच वर्षी थोड्या लोकांना बोटीने नेऊन थडगी तेवढी दाखवून परत आणलं होतं. म्हातारीला डॉक्टरांनी जाऊ दिलं नाही. आता निकाल लागून बोट सुटेपर्यंत म्हातारी जगली पाहिजे, एवढंच मावशींचं गणित होतं.

जानेवारीत आमच्या वर्गात हाच विषय आला. साम्राज्याचा शेवट आणि महासत्तांची स्पर्धा. सर चांगले होते, मनापासून शिकवायचे. त्यांनी भिंतीवर हिंदी महासागराचा नकाशा दाखवला, मधोमध एक ठिपका. इथून सगळ्या महासागरावर नजर ठेवता येते, ते म्हणाले. माझ्या समोर बसलेला एक मुलगा, फार सभ्य, कायम दार धरून ठेवणारा, म्हणाला, "पण तिथे खरे रहिवासी नव्हतेच ना? कंत्राटी मजूर होते. आणि तेही थोडेसेच."

मला वर्गात बोलायची सवय नव्हती. इंग्रजी वाक्य मनात तीनदा जुळवून मग बोलायचो, तोवर विषय पुढे गेलेला असायचा. त्या दिवशी न जुळवता बोललो. म्हणालो की त्यातली एक बाई माझ्याबरोबर काम करते, तिचा बाप तिथे पुरलाय, बापाचा बापही. कंत्राटी मजूर सुट्टीला घरी जातो. हिचं घर तेच होतं.

सर म्हणाले, "महत्त्वाचं आहे हे. निबंधात आण. पण व्यक्तिगत आठवणींवर फार भर देऊ नकोस. पुरावा पाहा."

पुरावा! दर शनिवारी पुरावा माझ्यासमोर उभा राहून चादरीची दोन टोकं धरत होता. ज्यांनी बेटं रिकामी केली त्यांनीच कागद लिहिले, त्या कागदांत लिहिलं की तिथे कुणी राहत नव्हतं, आणि आता कागद हा पुरावा आणि माणूस ही आठवण. मी निबंध लिहिला. शेरा आला, भावनेचा जोर जास्त. आजही मला त्या निबंधात भावना कमीच पडली असं वाटतं.

वर्गात बोललो त्या रात्री मी घरी फोन केला. आमचं मूळ गाव साताऱ्याकडे एका धरणात गेलेलं. वडिलांचा जन्म त्या बुडालेल्या गावातला, माझा पुनर्वसनाच्या वसाहतीतला. मी वडिलांना बेटाची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "आरं, आपलं तरी मे महिन्यात पाणी उतरतं. देवळाचा कळस दिसतो, मग गाभारा दिसतो. चिखलात उभं राहून नारळ तरी फोडून येतो आपण. त्यांचं पाणी कधी उतरायचं?"

आमच्या गावावर पाणी आहे. त्यांच्या बेटावर पाणीही नाही.

मार्च आला. बारा मार्च हा मॉरिशसचा स्वातंत्र्यदिन. काका दरवर्षी तो घरी साजरा करायचे. मागच्या अंगणात काठीला झेंडा, झेंड्यापुढे नारळ, मग ओळखीच्या मॉरिशसवाल्यांना जेवण. साध्या सुपरमार्केटात मिळणारा नारळ काकांना चालत नसे, कारण तो शेंडी काढून तासून ठेवलेला असतो. शेंडीच्या नारळासाठी ते मुद्दाम लंडनला, टूटिंगला जाऊन आले होते. काकूंनी मावशींनाही बोलावलं. "तिला नारळाच्या दुधातला मासा करायला सांगितलाय," त्या म्हणाल्या. काका नारळ उचलून देवापुढे ठेवायला गेले.

त्या दिवशी अंगणात गार वारा होता. काका कोट घालून उभे होते. आरती झाली. घरातल्या ज्येष्ठ पुरुषाने नारळ फोडायचा, ही त्यांच्याकडची रीत, आमच्याकडचीही तीच. काकांनी तो फरशीवर आपटला. नारळ उडून गुलाबाच्या आळ्यात गेला. पुन्हा आपटला. पुन्हा तसाच.

"काका, नारळ ब्रिटिश आहे," पाहुण्यांतला एकजण म्हणाला, "असा सोडून जाणार नाही."

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्याने मावशी. मग हसत हसतच त्या पुढे झाल्या, आळ्यातून नारळ उचलला, हाताने माती झटकली, डाव्या तळहातावर धरून दोनदा फिरवला आणि काकूंच्या हातातल्या जाड सुरीच्या पाठीने एकच घाव घातला. नारळाची दोन भकलं झाली. एकात पाणी तसंच राहिलं होतं. ते त्यांनी काकांपुढे धरलं.

दोन-तीन जणांनी टाळ्या वाजवल्या. काका मात्र पांढरे पडले.

"बाईनं नारळ फोडायचा नसतो!"

"फुटला ना?" काकू म्हणाल्या. "झालं तर."

"झालं कसं? वर्षाचा दिवस. देवापुढचा नारळ. आमच्या स्वातंत्र्याचा नारळ एका इल्वा बाईनं..." पुढचं ते क्रिओलमध्ये बोलले, आणि काकूंनी ते मला सांगितलं नाही.

मावशींनी भकलं टेबलावर ठेवली. त्या आवाज चढवत नव्हत्या. काकू माझ्या कानाशी एकेक वाक्य मराठीत करत होत्या आणि करता करता त्यांचाच आवाज बसत चालला होता.

"स्वातंत्र्याच्या दिवशी तुम्ही कुठे होतात?" मावशींनी विचारलं.

"कुठे म्हणजे? मैदानावर. शर्यतीच्या मैदानावर. अख्खं शहर होतं. मी झाडावर चढून झेंडा पाहिला."

"मी बेटावर होते. बाकीच्या बायकांबरोबर बसून नारळ फोडत होते. सकाळपासून दुपारपर्यंत बायका नारळच फोडायच्या, तेच आमचं काम. कुठल्या देवाने कधी नाही म्हटलं नाही." मग त्यांनी काठीवरच्या झेंड्याकडे बोट दाखवलं. "त्या झेंड्यासाठी तुम्ही काय दिलंत? ऊस दिलात? साखर दिलीत? तुम्ही आम्हाला दिलंत."

"आम्ही दिलं? आम्हाला कुणी विचारलं होतं?" काका ओरडले. "मी एकोणीस वर्षांचा पोरगा. लंडनमध्ये कोण बसलं, काय ठरलं, मला काय ठाऊक? त्यांनी सांगितलं असेल, बेटं द्या नाहीतर स्वातंत्र्य विसरा. काय करायचं होतं?"

"ते नाही माहीत. पण बोटीतून उतरलो तेव्हा बंदरावर तुमच्यासारखीच पोरं उभी होती. इल्वा आले, इल्वा आले, म्हणून ओरडत होती. ते ओरडायला तुम्हाला लंडनमधून कुणी सांगितलं होतं?"

वाऱ्याने झेंडा काठीला गुंडाळला गेला. काका आत निघून गेले. जेवणं झाली, मासा सगळ्यांनी खाल्ला, चांगला झाला असं दबक्या आवाजात म्हणाले. खोबऱ्याला कुणी हात लावला नाही.

मी खोलीत जाऊन बसलो. मला काकांचा राग यायला हवा होता, थोडा आलाही. पण जसजसा विचार केला तसतसा तो त्यांच्यावरून घसरत गेला. क्रॉलीच्या एका अंगणात निवृत्त हमाल आणि चादरी धुणारी बाई एकमेकांना जाब विचारत होते, तू मला विकलंस का म्हणून. ज्यांनी खरोखर व्यवहार केला ते कुठल्या अंगणात होते? त्यांना जाब विचारायला कोण गेलं होतं? त्यांना तर निवृत्तीनंतर सरदारकीचे किताबही मिळाले असतील. राज्य करायचं तेव्हाही त्यांनी ठरवायचं, राज्य सोडायचं तेव्हाही त्यांनीच ठरवायचं, आणि सोडताना काय कापून ठेवायचं तेही. रशियाची भीती होती म्हणे. हॉटेलच्या कॅन्टीनमधल्या टीव्हीवर इराकच्या बातम्या लागायच्या तेव्हा मावशी मान वर न करता म्हणायच्या, "ती विमानं आमच्याकडच्या बेटावरून उडतात." सोव्हिएत रशिया केव्हाच नाहीसा झाला होता, मग भीती कुणाची उरली होती? ऐंशी वर्षांच्या म्हातारीची, जिला नवऱ्याशेजारी पडायचं होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात आलो तर काका एकटेच उभे होते. आदल्या दिवशी ज्यात पाणी राहिलं होतं ते भकल त्यांनी स्वच्छ फडक्यात बांधलं होतं. पाठ माझ्याकडेच ठेवून म्हणाले, "हे तिला दे. फोडणाऱ्याचा मान असतो."

"काका, तुम्हीच द्या ना."

"तू दे म्हटलं ना!"

मी शनिवारी ते नेलं. मावशींनी फडकं सोडलं, वास घेतला आणि म्हणाल्या, "चार दिवस ठेवलं? याला नारळातलं काहीच कळत नाही." पण भकल फेकलं नाही. घरी नेलं.

त्यानंतर काकांमध्ये काय बदललं ते मी नेमकं सांगू शकत नाही. मी तेवढा जाणकार नाही. इल्वा हा शब्द मात्र मी पुन्हा त्यांच्या तोंडून ऐकला नाही. आणि दर रविवारी काकू कामावरून आल्या की ते पेपरमधून डोकं न काढता विचारायचे, "म्हातारी काय म्हणते?"

मे महिन्यात लोक वरच्या कोर्टातही जिंकले. काकांनी ते रेडिओवर ऐकलं आणि सांगायला ते चालत हॉटेलपर्यंत आले. सुरक्षारक्षकाने त्यांना आत सोडलं नाही, म्हणून मागच्या दाराशी चादरींच्या गाड्या यायच्या तिथे उभे राहून ओरडले. मावशींनी तिथल्या तिथे आईला फोन लावला. रविवार नव्हता. म्हातारीला वाटलं कुणीतरी गेलं. मग पलीकडून जे ऐकू आलं ते रडणं होतं की हसणं, ते कुणालाच कळलं नाही. मावशी ओरडून सांगत होत्या, बोट येते आई, बोट येते. काकू, त्या आठवड्यात जादा शिफ्ट घेतलेला मी, इस्त्रीवाली पोलिश मुलगी, सगळे टॉवेलांत तोंड पुसत होतो. त्या दिवशी माझ्या वडिलांनाही फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "बघ. उतरलं पाणी."

उतरलं नव्हतं. सरकार आणखी वर गेलं, सगळ्यांत वरच्या न्यायाधीशांकडे. तीनदा हरलेला माणूस चौथ्यांदा दार ठोठावतो आणि दार उघडतं, कारण दार त्याचंच असतं. शरदात माझं एम.ए. संपलं. मला कार्डिफला विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम मिळालं. निघताना मावशींनी मिठी मारली आणि म्हणाल्या, "बोटीत जागा असली तर तुला बोलावीन. नारळ फोडायला शिकवीन. पुरुषांनाही शिकवतो आम्ही."

कार्डिफमध्ये वर्ष गेलं. सुरुवातीला मी दर आठवड्याला फोन करायचो, मग महिन्याला. म्हातारी जिवंत आहे, विचारते, एवढं कळायचं. जे सामान तिला बेटावर न्यायचं होतं ते तिने नातवंडांना वाटून टाकलं होतं, कारण तिकडे सगळं मिळतं, असं ती म्हणायची.

दोन हजार आठच्या ऑक्टोबरात, दुपारी, मी पुस्तकांची ढकलगाडी घेऊन रॅकमधून चाललो होतो तेव्हा खिशात फोन थरथरला. ग्रंथालयात फोन घ्यायचा नसतो. काकांचं नाव दिसलं. काका स्वतः कधी फोन करत नसत. मी जिन्यावर गेलो.

"हरलो," काका म्हणाले.

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

"तीन विरुद्ध दोन. पाच जण बसले होते. तिघं म्हणाले, नाय जायचं." त्यांचा श्वास लागला होता. मागे काकूंचा आवाज येत होता, भांड्यांचा येत होता. "ती इथंच हाय आमच्याकडे. सकाळधरनं काय खाल्लं नाय."

"आणि आई?" मी विचारलं. "आईला सांगितलं का?"

"सांगितलं. लपवायचं म्हटलं मी, पण ती म्हणाली, आईशी खोटं नाय बोलणार. इथनंच फोन लावला. म्हातारी ओरडली नाय. पहिल्यांदा गप बसली. मग म्हणाली, त्या मराठी माणसाला फोन दे."

"तुम्हाला?"

"मला. मला विचारलं, तुमच्यात राख समुद्रात सोडतात ना? मी म्हटलं, होय. विचारलं, ती कुठवर जाते?"

जिन्यावर कुणीतरी वर येत होतं. मी भिंतीला सरकून वाट दिली.

"पोरा, मी लहानपणापासनं त्या समुद्रात मासे धरले. पाणी तिकडनं इकडे येतं. इकडनं तिकडे नाय जात." काकांनी आवाज खाली आणला. "मी म्हटलं, जाते. बेटापर्यंत जाते. तर म्हणाली, मग मला जाळा."